रिकाम्या डब्याची पोच

कूलरच्या खसवर, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांवर, पहिलं पाणी पडलं की माझे ओठ आपोआप पुटपुटायला लागतात. आज सकाळी माणूस येऊन जुन्या ताट्या काढून नव्या बसवून गेला, त्याने टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि तो ओलसर, मातकट, थोडा गवताळ वास घरभर पसरला. मी साठी ओलांडलेला, पेन्शन खाणारा माणूस. तरी हातातला चहा तसाच राहिला आणि मनात आलं, तोंडी परीक्षा कधी आहे?

बायको म्हणाली, "अहो, तुमची परीक्षा आता कोण घेणार? बीपीच्या डॉक्टरशिवाय?"

तिचं खरं आहे. पण इतर गावांत एप्रिलला वसंत म्हणतात, आंब्याचे दिवस म्हणतात. नागपुरात आम्ही त्याला परीक्षा म्हणतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, सायकलच्या तापलेल्या सीटवर ओला रुमाल आणि ओठांवर पुटपुटणारं उत्तर. गुलमोहर फुलला की लोक वर बघतात. आमची पोरं त्याच्या सावलीत वही उघडून खाली बघत बसतात, मीही तसाच बसलेलो आहे. सगळे उन्हाळे आता एकमेकांत मिसळून गेलेत. एकच वेगळा राहिला आहे, ऐंशीच्या दशकाच्या मधला.

त्या वर्षी आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात एक नवा विषय आला होता. डेटा कम्युनिकेशन. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याशी बोलायचं कसं, याचं शास्त्र. आता हे ऐकून माझा नातू हसतो, पण तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर होते दोन, आणि ते एकमेकांच्या शेजारी बसून वर्षभर एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्यासाठी कॉलेजातली एकमेव एसीची खोली होती. बाहेर चपला काढायच्या, पडदा सारायचा, आणि देवघरात शिरतो तसं आत शिरायचं. प्राचार्यांच्या खोलीतसुद्धा पंखाच होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्हाला या विषयाची जी गोडी लागली, तिचं अर्धं श्रेय त्या एसीला द्यायला हवं.

शिकवायला ढोबळे सर. अकोल्याकडचे, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या बाहीला कायम खडू. पहिल्याच तासाला त्यांनी हात वर करून सांगून टाकलं, "हे पाहा पोट्टे हो, नेटवर्क मी बी पाह्यलं नाई. पुस्तकात पाह्यलं. तुमी बी पुस्तकातच पाहून राहिले. म्हणजे आपण सारे सारखेच." एवढा खरा मास्तर मला पुन्हा भेटला नाही. पुस्तक एकच होतं, तेही त्यांचं स्वतःचं. त्याच्या सायक्लोस्टाइल केलेल्या निळसर नोट्स आमच्या हातात असत आणि उन्हात घामाने त्यांची शाई बोटांना लागे.

प्रॅक्टिकलला दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडायचे होते. वायर मीच सोल्डर केली, अगदी मन लावून. दोन नंबरची पिन दोनला, तीन नंबरची तीनला. दोन्ही पडदे हिरवेगार चमकत राहिले, पण एकाचं अक्षर दुसऱ्यावर उमटेना. सरांनी प्लग उलटा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अबे दिवाकर, दोन नंबर बोलाचा, तीन नंबर आयकाचा. तू बोलणं बोलण्याले जोडलं. दोघंही बोलून राहिले, आयकून कोन राहिलं?" सगळे हसले, मीही हसलो. मग बसून तारा उलटसुलट केल्या, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडलं, आणि पडद्यावर एक एकटं अक्षर उमटलं. सरांनी त्या अक्षरासाठी चहा पाजला.

इथवर सगळं मजेचं होतं. पण हिवाळ्याच्या परीक्षेत मी याच विषयात नापास झालो.

लेखी पेपर चांगला गेला होता. अडलं ते तोंडी परीक्षेत. मी रामटेकपासून दोन कोसांवरच्या गावातला, मराठी शाळेतला. पाढे पाठ, कविता पाठ आणि इंग्रजीही पाठ. अख्खी उत्तरं मला स्वल्पविरामासकट यायची, पण पहिला शब्द हरवला की पुढचा एकही बाहेर पडत नसे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, आणि तो पहिला शब्द हरवला. मी उभा राहिलो. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मी उभाच राहिलो. पाच मिनिटं मी एसीत घामाने निथळत होतो, आणि सर कोपऱ्यात उभे राहून माझ्याऐवजी ओठ हलवत होते.

गावी गेलो. बाबा अंगणात सायकलची चेन साफ करत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चेनवरची नजर न काढता म्हणाले, "उन्हाळ्याची परीक्षा दे. त्यात झालं तं झालं. नाई तं घरी ये. धान लावाले मानूस पाह्यजेच आहे." एवढंच. ना रागावले, ना समजावलं. त्यानंतर आमच्यात बोलणंच उरलं नाही. धान लावण्यात मला कमीपणा कधीच वाटला नाही, लहानपणापासून चिखलात उभा राहिलेलो आहे. पण जिंकून आल्यावर चिखलात उतरणं वेगळं, आणि तोंड उघडता आलं नाही म्हणून उतरणं वेगळं. गावात जन्मभर मी तोच राहिलो असतो, नागपूरला जाऊन मुका झालेला पोट्टा.

सक्करदऱ्यातल्या भाड्याच्या खोलीवर परतलो आणि जेवण सुटलं. सोडलं असं नाही, सुटलंच. गावचा कोणी तरी तलावाच्या बाजूला भेटला, त्याने घरी जाऊन सांगितलं की पोट्टा पार वाळून गेला. आणि तिसऱ्या दिवशी डबा सुरू झाला.

रामटेकहून सकाळी पहिली एसटी निघायची. तिच्यावर नत्थूभाऊ नावाचे कंडक्टर होते, बाबांच्या ओळखीचे. ड्रायव्हरच्या पाठीमागे, इंजिनाच्या उबेत ते डबा ठेवत. नऊला मी सायकलवर नागपूरच्या स्टँडवर जाई आणि डबा घेई. दुपारी चारला तीच गाडी परत जायची, तिच्यात मी रिकामा डबा द्यायचा. तीन खणांचा स्टीलचा डबा. लाखोळीच्या डाळीचे वडे, ज्वारीची भाकर, भात, कैरीचं रायतं. नत्थूभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुहे बाबा पहाटेच स्टँडवर येऊन उभे होते गा. दोन कोस सायकल हाणत." माझ्याशी न बोलणारे बाबा रोज तो डबा घेऊन येत होते.  त्या दिवशी मी जेवलो.

मायने डब्याचा एक कायदा केला होता. डबा धुऊन रिकामाच परत यायला हवा. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची वाटी गेली तरी तिच्यात चिमूटभर साखर तरी घालतात. माय स्वतः या बाबतीत भलती काटेकोर. पण मला तिने पहिल्याच चिठ्ठीत बजावलं, "त्यात काही टाकू नोको. रिकामा आला का मले समजते, तू जेवला." आणि तो आल्याशिवाय ती पुढचा डबा भरत नसे. गावात फोन नव्हता, पत्राला चार दिवस लागत. मी बरा आहे, हे तिला सांगणारी गोष्ट एकच होती, हलका डबा.

परवा मुलाला मेसेज पाठवला. तो बंगळुरूला असतो. पाठवल्यावर एक खूण आली, मग दोन आल्या, मग त्या निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही, पण मी फोन खाली ठेवला आणि निवांत झोपलो. बायको म्हणाली, काही लिहिलं का त्याने? म्हटलं, नाही, पण पोचलंय. ती काही समजली नाही. मायला मात्र समजलं असतं.

एका चैत्रातल्या दुपारी मी घोळ केला. डोक्यात उत्तरं पाठ चालली होती, ओठ हलत होते, आणि रिकामा डबा मी रामटेकच्या गाडीऐवजी शेजारी उभ्या असलेल्या तुमसरच्या गाडीत ठेवून आलो. ठेवताना कोणाला दिला हेही पाहिलं नाही. डबा तुमसर पाहून तीन दिवसांनी फिरत फिरत रामटेकला पोचला. इकडे दुसऱ्या दिवशी मला मायचा दुसरा डबा आला. उघडला तर कालचंच सगळं. तेच वडे, तेच रायतं. मला वाटलं, वडे उरले असतील. मी खुशाल खाल्ले.

रामनवमीला घरी गेलो तेव्हा तिची त्या दिवसांतली अवस्था कळली. चुलीपुढे बसून ती म्हणाली, "डबाच पोचला नाई, का पोचला अन् तू खाल्ला नाई, का खाल्ला अन् रिकामा कोठी हरपला? इकून मले तिन्ही सारखेच दिसत. मंग म्या तेच पुन्हा रांधलं अन् धाडलं. अन् मंग दोन रिकामे वापस आले तं कोनता कोनत्या दिवसाचा तेच समजेना!"

मी हसलो. ती हसली नाही. उठली आणि खुंटीवरून दोन फडकी काढली. एक लाल, तिच्या जुन्या लुगड्याचं. एक पांढरं, बाबांच्या धोतराचं. "आता आयक. एक दिवस लाल, एक दिवस पांढरं. लालात आला तं लालातच वापस धाडजो. लालाची पोच भेटल्याबिगर म्या पांढरा भरत नाई. अन् लालावर लालच आला तं समज, पहिल्याची खबर मले नाई भेटली. तोच जिन्नस आहे. घाबरू नोको, खाऊन घे अन् फडकं वापस कर."

बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी पांढरं फडकं हातात घेतलं, डब्याला बांधून पाहिलं आणि गाठ मारून दाखवली, धानाच्या पोत्याला मारतात ती. ओढली की सुटणारी, पण हिसक्याने न सुटणारी. ती मला दाखवली की मायला, ते कळलं नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. मायची वाक्यंही तेव्हा मी आईची काळजी म्हणून ऐकली आणि विसरलो. माझी खरी विद्या निळ्या शाईत होती ना!

परीक्षेचा दिवस उजाडला. दुसऱ्यांदा बसणारे आम्ही तिघंच. सकाळी स्टँडवरून डबा घेतला, लाल फडक्यातला. खोलीवर ठेवायला वेळ नव्हता म्हणून तसाच कॉलेजात नेला आणि एसीच्या खोलीबाहेर चपलांच्या शेजारी ठेवला. परीक्षक वेगळे होते. उंच, किडकिडीत, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी इंग्रजीत विचारलं ते नेमकं माझ्या नोटमधलं तिसरं उत्तर होतं. निरोप पाठवला आणि त्याची पोच आली नाही, तर पाठवणाऱ्याने काय करायचं?

मला ते येत होतं. मला ते झोपेतही येत होतं. आणि पहिला शब्द हरवला.

खोलीत फक्त एसीचा आवाज होता. कोपऱ्यात सरांचे ओठ हलायला लागले होते. मला शेत दिसलं, चिखल दिसला, बांधावर उभे राहिलेले लोक दिसले. मी दाराकडे पाहिलं. खरं सांगायचं तर पळून जावंसं वाटत होतं म्हणून पाहिलं. दाराच्या काचेतून चपला दिसत होत्या आणि चपलांशेजारी लाल फडकं.

परीक्षकांनी नाक वर केलं आणि अचानक मराठीत म्हणाले, "इथे कांद्याचा वास कुठून येतोय?"

"माझ्या खिशात आहे सर," मी म्हणालो. "लू लागू नाही म्हणून." माझा आवाज ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. तो तर शाबूत होता.

ते हसले. मग माझी नजर गेली होती तिकडे पाहून म्हणाले, "आणि तो डबा?"

"माय धाडते. रामटेकहून, एसटीने."

"रोज? मग एखाद्या दिवशी पोचला की नाही हे तिला कसं कळतं?"

त्यांनी हे सहज विचारलं की मुद्दाम, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण मी बोलायला लागलो. रिकामा डबा परत जातो. तो आला की तिला कळतं. तो येईपर्यंत ती पुढचा भरत नाही. एक रात्र वाट पाहते, आणि नाहीच आला तर तोच जिन्नस पुन्हा पाठवते. तुमसरची गाडी सांगितली. पोचला नाही, की पोचला आणि पोच हरवली, हे तिला तिकडून सारखंच दिसतं, हे सांगितलं. कुठल्या भाषेत बोललो ते आठवत नाही. शेवटी शेवटी तर मी साफ गावचं बोलत होतो. मले, तुले, सगळं.

"पण मग," परीक्षक पुढे वाकले, "तुझ्याकडे दोनदा तेच आलं तर ते जुनंच आहे हे तुला कसं कळणार?"

"फडक्यावरून. लालावर लाल आलं तं जुनं. लालावर पांढरं आलं तं नवं."

"दोनच रंग? रोजचा वेगळा कशाला नको?"

 हे कुठल्याच नोटमध्ये नव्हतं. मग मायचं वाक्य जसंच्या तसं आठवलं, आणि ते पाठ केलेलं नव्हतं. "लालाची पोच भेटल्याबिगर ती पांढरा भरतच नाही सर. म्हणजे घोळ झाला तं फक्त मागच्याशी होईल, त्याच्या मागच्याशी नाही. मागचा अन् आताचा ओळखू आला, पुरे झालं. दोन रंग म्हणजे बम, भरपूर."

परीक्षक खुर्चीला टेकले. सरांकडे वळून म्हणाले, "या दोन रंगांना पुस्तकात शून्य आणि एक म्हणतात." मग माझ्याकडे पाहून, "जा. जेवून घे."

बाहेर आलो तर ऊन भणभणत होतं. मी गुलमोहराखाली बसलो, लाल फडकं सोडलं आणि खणावर खण ठेवून सगळं जेवलो. सुटका म्हणजे काय, ते मला त्या जेवणाने शिकवलं. आनंद वेगळा, तो वर उडतो. सुटका खाली बसते, खांद्यांतून, पाठीतून, पोटऱ्यांतून, आणि माणसाला शेवटी भूक लागते.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी विभागाच्या बोर्डावर लागला. सरांनी माझ्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की त्यांचाच चष्मा खाली पडला. मला लगेच गावी पळायचं होतं, पण सकाळी येऊन सही करून दाखला न्यायचा होता. हातात त्या दिवशीचा पांढऱ्या फडक्यातला डबा होता, चारची गाडी उभी राहणार होती. मी सीताबर्डीवर गेलो, संत्रा बर्फी घेतली, तिन्ही खण ठासून भरले, पांढरं फडकं बांधलं आणि डबा गाडीत दिला. चिठ्ठी लिहावी असं डोक्यातही आलं नाही. बर्फी आली म्हणजे पास झालो, यात लिहायचं काय? नत्थूभाऊंना तोंडाने सांगणार होतो, पण नेमकी त्या दिवशी त्यांची ड्यूटी बदललेली. नवा कंडक्टर डबा ठेवून मोकळा झाला.

पुढचं मला मायने सांगितलं, नंतर, कितीतरी वेळा, आणि दरवेळी ती एकाच ठिकाणी थांबून डोळे पुसायची.

सहाला रामटेकच्या स्टँडवर बाबांनी डबा हातात घेतला, आणि तो जड लागला. भरलेला. चार महिने रोज हलका येणारा डबा त्या दिवशी जड आला. बाबांनी तो उघडला नाही. त्यांच्या हिशेबात एकच अर्थ होता. पोट्टा जेवला नाही. आणि आज निकाल होता, एवढं कालच नत्थूभाऊंनी सांगितलं होतं. ते हँडलला डबा अडकवून निघाले, पण सायकलवर बसलेच नाहीत. दोन कोस सायकल हातात धरून चालत आले. अंधार पडायला घरी पोचले, डबा मायपुढे ठेवला आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले. ती म्हणाली, "काय झालं?" ते म्हणाले, "म्याच बोलाचं होतं त्याच्याशी. एक शब्द तरी बोलाचा होता."

मायने बराच वेळ डब्याला हात लावला नाही. मग लावला. फडकं सोडलं, झाकण काढलं, आणि संत्र्याचा वास आला.

ती म्हणायची, बाबा बर्फीकडे बघतच राहिले. मग त्यांनी एक वडी उचलली, खाल्ली, आणि चिडून म्हणाले, "गधा आहे का हा? रिकामा धाडाचा सांगितला होता ना!" आणि मग दोघं जे हसत सुटले ते शेजारची माणसं आली तरी हसतच होते. अख्ख्या आळीत बर्फी वाटली गेली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या सकाळी कॉलेजात सही करण्याआधी नेहमीसारखा नऊला स्टँडवर गेलो. नत्थूभाऊ कामावर परतले होते. दुरूनच हात हलवत होते, हसत होते. त्यांनी माझ्या हातात डबा ठेवला आणि माझा हात वर उडाला, कारण मी वजनाच्या तयारीत होतो आणि डब्याला वजनच नव्हतं.

घासूनपुसून लख्ख केलेला, तिन्ही खण रिकामे. वर पांढरंच फडकं, आणि त्याला धानाच्या पोत्याची गाठ.

स्टँडवर गाड्या येत होत्या, जात होत्या, कोणी तरी भंडाऱ्याची, भंडाऱ्याची म्हणून ओरडत होतं. मी ती गाठ सोडली नाही. रिकामा डबा छातीशी धरून मी तिथल्याच बाकावर बसलो आणि पुढची रामटेकची गाडी कधी आहे ते विचारलं.